नेक न कापता चॉपर: एका 125 सीसी गाडीचं प्रकरण

गाडी साधी होती. 125 सीसी, एअर-कूल्ड, एकच सिलिंडर, पुढे टेलिस्कोपिक फोर्क, मागे चिमटा (मागचं चाक धरणारी, वरखाली हलणारी स्विंगआर्म) आणि दोन शॉक, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. इंजिन ठणठणीत, पण मागचे शॉक गळलेले, सीट फाटलेली, मडगार्ड गंजून जाळी झालेलं. मालकाला तिचा चॉपर, म्हणजे लांब, झोपलेल्या फोर्कची कापून-जोडून केलेली गाडी, करायचा होता, आणि त्यात तीन गोष्टी हव्या होत्या: पुढचं चाक लांब गेलेलं दिसावं, मागचे शॉक जावेत, आणि पैसे बेतात राहावेत. सोबत त्यानं एक चित्रही आणलं होतं. त्यातल्या गाडीचा फोर्क 45 अंशांत झोपलेला आणि मूळ फोर्कपेक्षा 250 मिमी लांब.

ते चित्र बाजूला ठेवलं, तिथेच या प्रकरणाचं निम्मं काम झालं. चॉपर म्हटलं की लोक आधी ग्राइंडर घेऊन नेककडे धावतात. हँडल ज्या पाइपात फिरतं तो पाइप म्हणजे नेक. लहान गाडीत मात्र चॉपरची रेषा मागूनही काढता येते, आणि ती वाट स्वस्त आहे, सुरक्षितही.

आधी कागदावर

नेक उभ्या रेषेपासून जितके अंश मागे झुकलेला, तो रेक. त्याची रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली तर ती चाकाच्या टेकणीच्या पुढे जाऊन पडते. त्या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. गाडी सरळ धरून ठेवण्याचं काम ट्रेल करतो. हिशेब सोपा आहे: चाकाची त्रिज्या गुणिले रेकचा साइन, त्यातून फोर्कचा ऑफसेट (नेकच्या रेषेपासून चाकाचा मध्य जितका पुढे असतो ते अंतर) वजा, आणि उरलेल्याला रेकच्या कोसाइनने भाग.

या गाडीचा रेक 26 अंश, ऑफसेट 45 मिमी, 2.75-18 टायर, वजनाखाली दबलेली त्रिज्या 295 मिमी. ट्रेल आला 94 मिमी. दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर 1280 मिमी. सगळी मापं रायडरला सीटवर बसवून घेतलेली. रिकाम्या गाडीचे शॉक वर आलेले असतात, त्यामुळे ती मापं पुढे धोका देतात.

आता चित्रातला 45 अंशांचा फोर्क याच हिशेबात घातला तर ट्रेल 231 मिमी होतो. वेग असताना अशी गाडी रुळावरून चालल्यासारखी जाईल, पण गल्लीत वळवताना हँडल आपोआप एका बाजूला पडू पाहील. हा ‘पडाव’ ट्रेल, रेकचा साइन आणि रेकचा कोसाइन यांच्या गुणाकारातून मोजतात. मूळ गाडीत तो 37 मिमी होता, 45 अंशांवर तो 116 होतो, म्हणजे तिपटीहून जास्त. त्यावर 31 मिमी जाडीच्या फोर्क ट्यूबचा प्रश्न आहेच. फोर्कच्या दोन ट्यूब नेकशी धरणाऱ्या आडव्या पट्ट्यांना टी म्हणतात, एक वर, एक खाली. खालच्या टी पासून अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर 600 वरून 850 मिमी झालं आणि कोन 45 झाला, की खालच्या टी पाशी वाकवणारा जोर साधारण 2.3 पट होतो आणि ट्यूबची लवचिक वाकण साडेचार पट. वाकलेली ट्यूब स्लायडरमध्ये, म्हणजे ती ज्या खालच्या नळीत सरकते तिच्यात, अडकते. फोर्क मग दबतच नाही आणि प्रत्येक खड्डा नेकच्या वेल्डवर जातो.

इथे बरेच जण एक पळवाट काढतात: नेक न कापता रेक दिलेल्या टी घ्यायच्या. म्हणजे टी मध्येच ट्यूब पुढे झुकवलेल्या असतात. बाहेरून फोर्क झोपलेला दिसतो, पण हँडल फिरतं तो अक्ष तिथेच राहतो आणि ऑफसेट वाढतो. 6 अंशांच्या टी आणि 600 मिमी लांबीवर ऑफसेटमध्ये सुमारे 63 मिमीची भर पडते. मूळ नेकवर त्या बसवल्या तर 94 चा ट्रेल साधारण 24 मिमीवर येतो. हा ट्रेल धोकादायक आहे. 50-60 च्या वेगात एखाद्या खड्ड्यावरून हँडल थरथरायला लागलं की थांबत नाही. अशा टी खूप रेक कापलेल्या नेकचा वाढलेला ट्रेल कमी करण्यासाठी असतात. मूळ नेकवर त्या लावणं म्हणजे औषध उलटं देणं. दिसायला मात्र नेक कापलेली आणि फक्त टी बदललेली, अशा दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात, म्हणून ही चूक वारंवार होते.

मग ठरलं ते असं. नेकला हात लावायचा नाही. मागचा भाग खाली आणि मागे न्यायचा, पुढे फोर्क फक्त 50 मिमी वाढवायचा. मागचा अ‍ॅक्सल चेसीच्या तुलनेत 75 मिमी मागे आणि 48 मिमी वर जाणार, शिवाय मागचं चाक 18 ऐवजी 16 इंची झाल्याने त्रिज्या 12 मिमी कमी. म्हणजे मागची बाजू 60 मिमी बसली, पुढची साधारण 45 मिमी उठली. सुमारे 1380 मिमीच्या लांबीवर 105 मिमीचा फरक, म्हणजे अख्खी चेसी 4.4 अंश मागे कलली. चेसीबरोबर नेकही कलला. रेक झाला 30.4 अंश, ट्रेल 121 मिमी, पडाव 53. वाकवणारा जोर मूळच्या सव्वापट. 31 मिमीच्या ट्यूबला तो झेपतो.

बहुतेक गाड्यांचा चेसी नंबर नेकवरच ठोकलेला असतो, हा नेक न कापण्याचा आणखी एक फायदा. तरी चेसीचा मागचा भाग बदलणं हा कायद्याच्या नजरेत मोठाच बदल असतो. आपल्याकडचा नोंदणीचा नियम काय आहे, ते ग्राइंडर लावायच्या आधी विचारून घ्यावं. कापलेली चेसी परत जुळत नाही.

पैसे कुठे गेले

एकूण बजेट 100 धरलं, तर पाइप, प्लेट आणि वेल्डिंगला 24, मागची रिम, आरे, दोन टायर-ट्यूब याला 23, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू आणि केबल 15, फोर्कचं सामान आणि कोन सेट (नेकमधले बेअरिंग) 11, सीट, मडगार्ड, हँडल 10, वायरिंग आणि बॅटरी 7, रंग 5, राखीव 5. रंगाला इतकं कमी का, असं मालकानं विचारलंच. उत्तर असं की रंग नंतर कधीही मारता येतो. पहिल्या दिवशी चकचकीत टाकी आणि जुने ब्रेक शू, असं बजेट कोलमडलेल्या चॉपरमध्ये हमखास दिसतं. टाकी जुनीच ठेवली. फूटरेस्टही जागेवरच ठेवले. पाय पुढे नेणारे कंट्रोल या गाडीला नकोच होते, कारण मागे शॉक नसलेल्या गाडीवर खड्डा आला की रायडरला फूटरेस्टवर जोर देऊन सीटवरून थोडं उठता आलं पाहिजे. पाय पुढे गेले की ते जमत नाही आणि सगळा दणका माकडहाडावर येतो.

मागचा सांगाडा

शॉक काढायचेत, तर सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे शॉकच्या जागी लोखंडी पट्ट्या. तो इथे टाळला. शॉकचा वरचा कान चेसीच्या पातळ पाइपावर असतो आणि तो स्प्रिंगचा नरम भार घेण्यासाठी केलेला असतो. पट्टी लावली की प्रत्येक खड्ड्याचा ठोका सरळ त्या कानावर बसतो. काही महिन्यांत वेल्डच्या कडेला चीर दिसते, आणि चिमट्याचे बुश ढिले होतात ते वेगळंच.

म्हणून चिमटा काढून चार पाइपांची ताठ शेपटी वेल्ड केली. या चेसीला इंजिनाखालून जाणारा क्रेडल आहे, त्यामुळे खालच्या दोन पाइपांना धरायला जागा होती. ज्या चेसीत इंजिन लटकतं आणि खाली पाइपच नसतो, तिथे हे काम असं करता येत नाही. पत्र्याच्या चेसीत तर अजिबात नाही.

पाइप 25.4 मिमी बाहेरचा व्यास, 3 मिमी जाडी, शिवण नसलेला. साधारण 3 मीटर लागला, छाटणी धरून. फर्निचरचा दीड मिमी जाडीचा पाइप किंवा पाण्याचा जस्त चढवलेला पाइप वापरू नये. पहिला वेल्डच्या कडेला तुटतो, दुसऱ्याचा जस्ताचा धूर वेल्डरला ताप आणतो आणि वेल्डमध्ये भोकं पाडतो. अ‍ॅक्सलच्या प्लेट 8 मिमी जाडीच्या, त्यात 30 मिमी लांबीचा खाचा, चेन ताणायला.

प्रत्येक जोडात आतून 50 मिमीचा भरीव तुकडा, 25 मिमी इकडे, 25 तिकडे. पाइपांना बाहेरून 8 मिमीची भोकं पाडून त्यातून तो तुकडा वेल्डने धरला आणि दोन पाइपांमध्ये 2 मिमीची फट ठेवून ती भरली. वरचे दोन पाइप मूळ सीट रेलला जोडायचा मोह टाळला. सीट रेल पातळ असते. जाड पाइप पातळ पाइपला जोडला की ताण नेमका तिथे साचतो. वरचे पाइप टाकीच्या मागच्या टोकाखाली मुख्य पाइपापर्यंत नेले आणि दोन्ही बाजूंना 3 मिमी पत्र्याचे त्रिकोणी टेकू दिले.

काम रिकाम्या क्रँककेससह, म्हणजे इंजिनाच्या नुसत्या कवचासह, केलं. क्रँककेस बोल्टने कसलेला असला की चेसी कापल्यावर उघडत नाही. चौकोनी पोलादी पाइपांचं बाक करून चेसी त्यावर कसली, अ‍ॅक्सल प्लेटच्या मध्ये हबच्या नेमक्या मापाचा जाड आटेवाला रॉड नटांनी घट्ट केला, आणि आधी चारही जोडांना फक्त टॅक, म्हणजे तात्पुरते वेल्डचे ठिपके, मारले. मग मापं. मग एक इंच इथे, एक इंच समोरच्या बाजूला, असं आलटून-पालटून वेल्ड. एका बाजूचा जोड सलग भरला की थंड होताना पाइप तिकडे ओढला जातो आणि 2-3 मिमी सहज जातात. तो रॉड वेल्ड पूर्ण गार होईपर्यंत काढायचा नाही, आणि पाणी ओतून वेल्ड गार करायचा नाही. वेल्डचा उंचवटा ग्राइंडरने सपाट करणंही टाळलं. दिसायला ते सुबक वाटतं, पण जोडाचं मांस निघून जातं.

चालू इंजिन चेसीत असताना वेल्ड करायचीच वेळ आली, तर बॅटरी, सीडीआय (ठिणगीचा इलेक्ट्रॉनिक डबा) आणि रेक्टिफायर (बॅटरी चार्ज करणारा भाग) काढावेत आणि अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावावा. लांब लावला तर करंट क्रँकच्या बेअरिंगमधून वाट काढू शकतो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर डाग पडतात. मग इंजिन घरघरतं आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

चाक, चेन, ब्रेक

जुन्याच ड्रम हबवर 36 आऱ्यांची 16 इंची रिम आणि 3.50-16 टायर. रिम लहान झाली की आरेही आखूड लागतात. जुने आरे कापून आटे पाडण्यापेक्षा मापाचे नवे घेणंच बरं. रिमचा आउट, म्हणजे फिरताना होणारी लचक, दोन्ही दिशांना 2 मिमीच्या आत आणला. टायरचा घेर सुमारे 4 टक्के कमी झाल्याने गिअरिंग तितकंच आखूड झालं. सिंगल सिलिंडरच्या चढणीवर ते उपयोगीच आहे, म्हणून स्प्रॉकेटचे दात बदलले नाहीत.

चेन 428, म्हणजे एका कडीची लांबी 12.7 मिमी. अ‍ॅक्सल 75 मिमी मागे गेला, चेनच्या वरच्या आणि खालच्या धावेत मिळून 150 मिमी वाढले, म्हणजे 12 कड्या. 118 ची चेन 130 झाली. जुन्या चेनला तुकडा जोडून ही लांबी साधू नये. ताणलेल्या आणि नव्या कड्या एकाच स्प्रॉकेटवर एकमेकींशी भांडतात. चेन लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला. चिमटा नसल्याने चेनचा ताण खड्ड्यांत बदलत नाही, म्हणून ढील 15 ते 20 मिमी पुरते. मात्र चाक फिरवून सगळ्यांत ताठ जागा शोधायची आणि ढील तिथे मोजायची. चेन आणि टायर यांच्यात कमीत कमी 8 मिमी फट राहील हे तपासलं.

ब्रेकच्या टॉर्क आर्मबद्दल थोडं सविस्तर. ड्रम ब्रेकची प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून तिला एक दांडी चिमट्याशी बांधून ठेवते. चिमटा गेला की ती दांडी लोंबकळते, आणि घाईत ती लावायची राहून जाते. मग ब्रेक मारल्यावर ब्रेक प्लेटच फिरते, ब्रेकचा रॉड ओढते, शू आणखी आवळले जातात आणि चाक जागच्या जागी जाम होतं. या गाडीत शेपटीच्या खालच्या पाइपावर 5 मिमी पट्टीचा कान वेल्ड करून दांडीला जागा दिली आणि बोल्टला स्प्लिट पिन घातली. ब्रेकचा रॉड 75 मिमीने लांब केला. पुढचा ब्रेक ठेवला. ‘चॉपरला पुढचा ब्रेक शोभत नाही’ हे म्हणणं ऐकायला ठीक, पण थांबवायचं जास्त काम पुढचंच चाक करतं.

फोर्कचे 50 मिमी

दोन रस्ते होते: 31 मिमीच्याच लांब ट्यूब, किंवा वरून आट्यांवर बसणारे एक्स्टेन्शन. ट्यूब केव्हाही चांगल्या. इथे एक्स्टेन्शन घेतले, कारण 50 मिमीला ते चालतात. किती मिमीला चालतात हे ठरवायची कसोटी एकच आहे. ट्यूबवरचा वाकवणारा जोर खालच्या टी पाशी सर्वांत जास्त असतो आणि वरच्या टी पर्यंत जाता जाता शून्याकडे येतो. जोड वरच्या टी च्या जवळ असेल तर त्याला फारसं काही सोसावं लागत नाही. या गाडीत दोन टी मधलं अंतर 180 मिमी, जोड वरच्या टी च्या वरच्या कडेपासून 50 मिमी खाली. ठीक. तेच एक्स्टेन्शन 200 मिमीचं असतं तर जोड खालच्या टी पाशी आला असता, जोर सर्वांत जास्त असलेल्या जागी, आणि तिथला आट्याचा जोड म्हणजे ब्लेडने ओरखडलेली काच.

जिथे वरची टी ट्यूबला आवळत नाही, फक्त वरून बोल्टने दाबते, त्या गाडीत एक्स्टेन्शन बसत नाही. तिथे लांब ट्यूबच घ्यावी. ट्यूब वेल्ड करून वाढवणं कुठल्याच परिस्थितीत नाही.

आट्यांवर लॉकिंग लिक्विड, आणि आटे पूर्ण भरलेले. स्प्रिंगच्या वर 50 मिमीचा पाइपाचा तुकडा आणि दोन्ही टोकांना वायसर. नाहीतर स्प्रिंग आत मोकळी पडते आणि ब्रेक मारल्यावर फोर्क तळाला आपटतो. तेल मॅन्युअलइतकंच. कोन सेट नवा टाकला. सुट्या गोळ्या असतील तर जुन्या काढताना मोजाव्यात, एक घरंगळून गेली तर नवीन सेट घालताना कळत नाही. कसताना पुढचं चाक अधांतरी ठेवून हँडलला बोट लावायचं: ते दोन्ही बाजूंना अडखळल्याशिवाय स्वतःहून पडलं पाहिजे, आणि फोर्क पुढे-मागे ढकलल्यावर टकटक वाजता कामा नये.

नव्या हँडलची उंची 250 मिमी. केबल घेताना फोर्क आणि हँडल दोन्हींची वाढ धरावी लागते. पुढचा ब्रेक आणि क्लच 200 मिमीने लांब घेतले, थ्रॉटल 250 ने, स्पीडोमीटर केबल 100 ने. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवताना इंजिनचा आवाज चढला, तर थ्रॉटलची केबल आखूड आहे.

कललेलं इंजिन

4.4 अंश हा आकडा लहान वाटतो, पण इंजिन त्याच्याबरोबर मागे कललंय. ऑइलची पातळी आता डिपस्टिकवर खोटी दिसते. एकदा गाडी मूळ कोनात उभी करून तेल बरोबर भरलं, मग नव्या कोनात डिपस्टिक घालून जिथे तेल आलं तिथे बारीक कानसने खूण केली. पुढे तीच खूण पाहायची.

सीट रेल गेल्याने एअरबॉक्स राहिला नाही, त्या जागी छोटा शंकूचा फिल्टर आला. गाडी लगेच हवेवर गेली, म्हणजे मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी: थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमध्ये फटफट, मधल्या आर. पी. एम. ला ओढ गायब. कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) 98 वरून 105 वर नेल्यावर प्लगचा रंग विटकरी आला आणि चालणं सुधारलं. सायलेन्सरचा हेडर तोच ठेवला, फक्त मागचा डबा आखूड घेतला, आतल्या आवाज दाबणाऱ्या बॅफलसकट. सरळ मोकळा पाइप आवाज देतो, पण 125 सीसीच्या इंजिनाकडे मुळातच कमी असलेली मधली ओढ आणखी खातो.

टाकीचा कॉक मागच्या खालच्या कोपऱ्यात आहे, त्यामुळे कललेल्या टाकीतलं पेट्रोल आपोआप कॉककडे येतं. हीच टाकी उलट बाजूला कॉक असलेली असती तर लिटरभर पेट्रोल शिल्लक असताना गाडी बंद पडली असती.

वायरिंगमध्ये फारसं काही नाही. 12 व्होल्टची छोटी बॅटरी जुन्या चिमट्याच्या पोकळीतल्या डब्यात, खाली रबर, वर पट्टा. एलईडी इंडिकेटर लावले तर जुना फ्लॅशर भराभर मिचकावतो. एलईडीचा फ्लॅशर घ्यावा.

चाचणीत काय निघालं

चेसीला रंग मारला नाही. फिकट राखाडी प्रायमर मारून गाडी पहिले 300 किमी चालवायची, असं आधीच ठरलेलं. प्रायमरवर चीर लपत नाही. केसाएवढी फट पडली तरी तिच्यातून गंजाची तांबडी रेघ बाहेर येते.

पहिल्याच फेरीत गाडी डावीकडे ओढत होती. दोरी लावून पाहिली: मागच्या टायरला दोन्ही बाजूंनी दोरी ताणून पुढच्या चाकापर्यंत नेली, दोन्हीकडचं अंतर सारखं. चेन लाइनही सरळ. मग ओळंबा सोडला. मागच्या रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेत 8 मिमीचा फरक. चाक सरळ रेषेत होतं, पण एका बाजूला झुकलेलं.

कारण अ‍ॅक्सल प्लेटमध्ये सापडलं. एक प्लेट दुसरीपेक्षा 3 मिमी वर बसलेली. दोन प्लेटमधलं अंतर 150 मिमी असताना 3 मिमीचा फरक म्हणजे चाक एक अंशाहून थोडं जास्त झुकतं. दोरी ही चूक कधीच दाखवत नाही, कारण दोरी आडवं पाहते. चूक टॅकच्या वेळी झाली होती. दोन्ही प्लेटची उंची जमिनीपासून मोजली गेली आणि जमीन उतरती होती. उंची मोजायची ती चेसीतल्याच एका खात्रीच्या रेषेवरून, आणि अशी रेषा चिमट्याच्या पिव्होट बोल्टची, म्हणजे चिमटा ज्यावर फिरायचा त्या बोल्टची. अ‍ॅक्सल त्या बोल्टला वरून पाहिल्यावरही समांतर हवा आणि मागून पाहिल्यावरही. पिव्होटच्या भोकातून लांब सरळ रॉड घालून, मागे अ‍ॅक्सलचा रॉड ठेवून, मागे उभं राहून एका डोळ्याने दोन्ही रॉड एकावर एक आणले तरी अर्ध्या अंशाची चूक सहज दिसते. ते टॅकच्या वेळीच करायला हवं होतं.

खाचा घासून मोठा करणं हा सोपा उपाय होता, पण मग अ‍ॅक्सल खाच्यात खेळतो आणि चेन ताणली की पुन्हा जागा सोडतो. म्हणून वर बसलेल्या प्लेटचे दोन्ही वेल्ड कापले, रॉड पुन्हा कसला, प्लेट 3 मिमी खाली आणून वेल्ड केली. अर्धा दिवस गेला, राखीव रकमेतले काही पैसे गेले. गाडी सरळ चालू लागली.

दुसरी गोष्ट 220 किमीच्या आसपास दिसली. मागच्या मडगार्डची पट्टी जिथे वरच्या पाइपला धरली होती, तिथे गंजाची बारीक रेघ. पाइप शाबूत होता. 2 मिमीच्या पट्टीचा कान वेल्डच्या कडेला फुटला होता. मागे शॉक नसल्याने मडगार्ड चाकाबरोबरच आदळतं, आणि ते फक्त दोन जागी धरलेलं होतं, त्यामुळे मागचं टोक पंख्यासारखं हलत होतं. नवा कान 4 मिमीचा केला, तिसरा आधार खाली अ‍ॅक्सल प्लेटजवळ दिला, बोल्टखाली रबराचे वायसर घातले. टायर आणि मडगार्ड यांच्यात 20 मिमी जागा पुरते.

टायरची हवा हा विषय वरवर किरकोळ. ताठ शेपटीच्या गाडीत मागचा टायर हाच शॉक असतो. मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा 2-3 पीएसआय कमी ठेवलं तर दणका कमी होतो. त्याहून खाली जाऊ नये: ब्रेक मारताना टायर रिमवर सरकतो, ट्यूब बरोबर ओढली जाते आणि व्हॉल्व्हचा देठ तुटतो. सीटच्या दोन स्प्रिंग 75 मिमीच्या घेतल्या, आणि त्या पूर्ण दबल्यावर बॅटरीच्या डब्याला टेकत नाहीत हे रायडरला जोरात बसवून पाहिलं.

50 किमीला सगळे बोल्ट एकदा, 300 ला पुन्हा. दुसऱ्या वेळी फक्त टॉर्क आर्मचा बोल्ट आणि हँडलच्या क्लॅम्पचे दोन बोल्ट पाव फेरा फिरले. 130 कड्यांच्या नव्या चेनने पहिल्या 300 किमीत ढील दिली आणि अ‍ॅक्सल खाच्यात 4 मिमी मागे गेला. नवी चेन सुरुवातीला असं करतेच.

शेवटी साइड स्टँड. मागची बाजू बसल्याने तो लांब पडला. गाडी जवळपास उभी राहायची आणि वारा किंवा कुणाचा धक्का लागला की उजवीकडे कलंडायची. टाकी पूर्ण भरून, हँडल डावीकडे वळवून, पायाखालची प्लेट कापून नळीतून 30 मिमी काढले आणि प्लेट पुन्हा बसवली. एकदम 30 नाही. आधी 20, मग गाडी टेकवून पाहून उरलेले 10. आखूड झालेला स्टँड वाढवायचा तर पुन्हा पाइप शोधा, पुन्हा वेल्ड करा.